मामांचं टाइमटेबल

जगातल्या विद्यापीठांचे मामा दोन भाग करतात. जिथे पोचायला गाडी बदलावी लागत नाही ती पहिल्या भागात, बाकीची दुसऱ्या. ऑक्सफर्ड दुसऱ्या भागात येतं.

मामा आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, विरार पश्चिमेला. सख्खी भाची एकच, पण मामा सगळ्यांचे. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांची उभी हयात गेली. तिथे ते नेमकं काय करायचे हे बिल्डिंगमधल्या कुणालाही सांगता येणार नाही, कारण नोकरीबद्दल विचारलं की मामा गाडीबद्दल सांगतात. साहेब कोण होते ते त्यांना नीटसं आठवत नाही. समोरच्या बाकावर कोण कोण बसायचं ते मात्र नावानिशी आणि उतरायच्या स्टेशनासकट पाठ आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिमाही पास काढणं चालूच आहे. "असू द्यावा खिशात. पास नसला की चारचौघांत उघडं उघडं वाटतं."

माणूस निवृत्त होऊन घरी आला, सवयी डब्यातच राहिल्या. घरच्या सोफ्यावर एकटे असले तरी मामा कडेला बसतात, एक पाय बाहेर काढून. दारात कुणी दिसलं की मान न वळवता चार बोटं आत सरकतात. लग्नाच्या पंगतीच्या रांगेत त्यांची पिशवी पोटावर असते. पण या सगळ्यापेक्षा त्यांच्या स्वभावाची किल्ली दुसरीकडे आहे. चढायचं विरारला, उतरायचं चर्चगेटला. दोन्ही टोकं शेवटची. त्यामुळे आयुष्यात या माणसाने "उतरणार आहात का?" हा प्रश्न कुणाला विचारला नाही आणि उतरण्यासाठी कधी कोपर वापरलं नाही. नाटक संपल्यावर लोक दाराकडे धावतात, मामा सभागृह रिकामं होईपर्यंत बसून असतात. या स्वस्थपणालाच बिल्डिंग शहाणपण समजते आणि सल्ला विचारायला येते.

सख्खी बहीण वसईला दिली आहे, माणिकपुरात. हे लग्न मामांना पुरतं कधी पटलं नाही. "दोन स्टेशनं मुंबईच्या जवळ गेली हे खरं. पण सीट गेली ना!"

मुलांच्या शिक्षणाबाबत त्यांचा शब्द मोडणं सोपं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मार्क भरपूर होते, तो व्हीजेटीआयला जायचं म्हणाला. मामा म्हणाले, संस्था उत्तम, पण माटुंगा रोडला फास्ट थांबत नाही. मुलगा म्हणाला, दादरला उतरून जाईन. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं विरार गाडीत चढलेल्या बोरिवलीकराकडे पाहतात. तो मुलगा इंजिनिअर झाला, चांगल्या नोकरीला लागला; मामा अजून त्याच्याशी तुटक बोलतात.

अशात गेल्या वर्षी भाचीने बी. ए. झाल्यावर जाहीर केलं, की मला मानसशास्त्रात एम. ए. करायचं आहे.

घरात जे व्हायचं ते झालं. आजीने विचारलं, म्हणजे वेड्यांची डॉक्टर का? शेजारच्या काकूंनी हात पुढे केला आणि माझ्या मनात काय चाललंय ते सांग म्हणाल्या. हात कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. मुलीच्या वडिलांनी बँकेच्या परीक्षेचा विषय काढला. मामा तेवढे शांत होते. ते म्हणाले, "मन तर मन. कुठे आहे ते सांग."

त्यांना विद्यापीठ कुठे आहे ते हवं होतं.

भाची पद्धतशीर मुलगी. तिने हिशेबाची लांब वही घेऊन रकाने आखले होते: विद्यापीठ, स्पेशलायझेशन, प्रवेश परीक्षा, फी, आणि सगळ्यात रुंद रकाना प्रॅक्टिकमचा. म्हणजे पेशंटसमोर प्रत्यक्ष बसायला किती मिळतं, आणि तेव्हा शेजारी अनुभवी माणूस कोण असतो. पुस्तकातलं मानसशास्त्र सगळीकडे सारखंच असतं, फरक इथे पडतो, असं ती म्हणायची. मला ते पटलं होतं. मामांनी वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली, वहीच्या कडेला पट्टी लावली आणि सगळ्या रकान्यांच्या अलीकडे, समासात, आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं: गाडी.

सुरुवात अर्थातच कालिन्यापासून. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो, तेव्हा हे घरचं विद्यापीठ. तिथल्या विभागाचं नाव उपयोजित मानसशास्त्र विभाग. भाचीला त्यातला "उपयोजित" आवडला. मामांचं दुखणं जुनं निघालं.

"विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. विरारहून पहिली लोकल सुटली १२ एप्रिल १८६७ला. मधली दहा वर्षं आपली मुलं कशी जात असतील याचा कुणी विचार केला?"

तेव्हा आपली कुठली मुलं जात होती, असं मी म्हणालो. मामांनी ते ऐकलं नाही.

"बरं, गाडी आल्यावर तरी नीट चाललं होतं. राजाबाई टॉवर चर्चगेटपासून चालत. आमच्या ऑफिसला जाता-येता दिसायचा. एवढी सोय असताना हे उठले आणि कालिन्याला गेले! सांताक्रूझ. आता सांताक्रूझला आपली फास्ट थांबते का? नाही थांबत. म्हणजे अंधेरीला उतर, पूल चढ, स्लो पकड, पार्ला सोड, मग सांताक्रूझ, मग पूर्वेला बस. एम. ए. दोन वर्षांचं, त्यातलं एक वर्ष अंधेरीच्या पुलावर."

रकान्यात त्यांनी लिहिलं: बदल १, बस १, पूल.

एसएनडीटीचं नाव निघालं तेव्हा मात्र मामांचा चेहरा उजळला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिलांसाठी विद्यापीठ काढलं, भारतातलं असं पहिलं, आणि पुढे त्याचं मुख्य ठाणं मुंबईला आलं. का आलं याची कारणं इतिहासाच्या पुस्तकांत वेगळी असतील; मामांच्या मते अण्णासाहेबांनी चर्चगेट स्टेशन पाहिलं. "शेवटचं स्टेशन. झोप लागली तरी चुकायची भीती नाही. आणि परत येताना गाडी तिथूनच सुटते. म्हणजे सीट! पोरगी बसून येईल, वाचत येईल. वर लेडीज स्पेशल आहे. आणखी काय पाहिजे तुझ्या मानसशास्त्राला?"

भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, प्रॅक्टिकमचं काय?"

"चर्चगेटला सगळं मिळतं."

इथे मला एक कबूल करावंच लागेल, की मामांचा रकाना वेडगळ वाटला तरी पोकळ नव्हता. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. वसईचे दोन स्टेशनांनी कमी. जाऊन-येऊन दिवसाचे चार तास रुळांवर जातात, आणि ते चार तास कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेले नसतात. राष्ट्रीय मानांकनात पहिल्या दहात असलेल्या संस्थेची मुलगी रात्री साडेनऊला वसई रोडला उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहते, तेव्हा ते मानांकन फारसं तिच्या कामाला येत नाही. फ्रॉइड वाचायचा कधी, हा प्रश्न दक्षिण मुंबईतल्या मुलीसाठी अभ्यासाचा असेल. इथे तो नायगाव ते भाईंदरच्या गर्दीत पुस्तक धरायला हात मोकळा राहतो का, असा असतो.

मामांना हे इतक्या शब्दांत सांगता आलं नसतं. त्यांनी टाटा इन्स्टिट्यूटचं पान उलटलं आणि तोंड वाकडं केलं.

वास्तविक भाचीच्या वहीत सगळ्यात जास्त टिकमार्क त्याच पानावर होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ सालची. उपयोजित मानसशास्त्राचं एम. ए., त्यात क्लिनिकल आणि समुपदेशनाचा सराव हेच स्पेशलायझेशन. प्रवेशासाठी देशपातळीवरची सीयूईटी. पण संस्था देवनारला. जवळचं स्टेशन गोवंडी.

"हार्बर," मामा म्हणाले. शब्द उच्चारून ते पाणी प्यायले.

पश्चिम रेल्वेच्या माणसाचा हार्बरबद्दलचा भाव शब्दांत पकडणं कठीण आहे. त्यात तिरस्कार नसतो. दूरच्या भावकीतल्या माणसाबद्दल असतो तसा एक अविश्वास असतो. अंधेरीला उतरून मेट्रो, घाटकोपरला उतरून मध्य रेल्वे, कुर्ल्याला उतरून हार्बर, मग गोवंडी. मामांनी बोटं मोजली आणि एका मुलीला चार वेगवेगळ्या गर्द्यांत उभं करणारं शिक्षण मनःशांतीचं कसं, असा सवाल केला. भाची म्हणाली, तिथे हॉस्टेल मिळू शकतं. मामा गप्प झाले. हॉस्टेल हा त्यांच्या लेखी पर्यायच नव्हता. गाडी असताना न जाणं हा त्यांना गाडीचा अपमान वाटतो.

पुण्याचा निकाल लवकर लागला. सावित्रीबाई फुले विद्यापीठ चांगलं, विभाग जुना, आणि मुख्य म्हणजे अहमदाबादहून पुण्याला जाणारी अहिंसा एक्स्प्रेस वसई रोडला थांबते. "अहिंसा एक्स्प्रेस," मामा पुन्हा म्हणाले, "नावातच समुपदेशन आहे." पण रोज जाऊन-येऊन करता येत नाही म्हटल्यावर पुणं बाद.

बडोद्याचं त्यांनी स्वतःहून सुचवलं. कारण दिशा. सगळं जग सकाळी चर्चगेटकडे धावत असताना उलट बाजूने, डहाणू-सुरतच्या अंगाने, बसून जायचं, ही कल्पना त्यांना फार दिवसांपासून भुरळ घालत होती. "सयाजीराव महाराजांचं विद्यापीठ. म्हणजे आपलंच. अर्धं बडोदं मराठी बोलतं." अर्धं बोलत नाही, पण दांडिया बाजारात मराठी ऐकू येते हे खरं. बडोदंही हॉस्टेलशिवाय जमणार नाही हे भाचीने लक्षात आणून दिलं तेव्हा मामा म्हणाले, "ते बघू. आधी दिशा तर पटव स्वतःला."

मग वडिलांनी घरबसल्या एम. ए.चा मुद्दा आणला. इग्नूमधून कितीतरी जणांनी मानसशास्त्राचं एम. ए. केलं होतं, नोकरी सांभाळून, संसार सांभाळून. वसई-विरारमध्ये शाळांतून समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या बायकांत असं एम. ए. केलेल्या भेटतात, आणि त्यातल्या काही जणी कामात अगदी वाकबगार आहेत. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये यूजीसीने सांगून टाकलं, की त्या वर्षापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही. २०२१ साली आरोग्याच्या संलग्न व्यवसायांचा कायदा झाला, त्याच्या यादीत हा विषय आला. तेव्हा माणसासमोर बसूनच शिका.

वडील हिरमुसले. मामांना मात्र हा स्वतःचा विजय वाटला. "सरकारलासुद्धा कळलं! गाडी पकडल्याशिवाय शिक्षण नाही."

त्यापुढचं गणित ऐकून मात्र तेही चक्रावले. भाचीने समजावलं, की नुसत्या एम. ए.ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर त्याचा रस्ता होता दोन वर्षांचं एम. फिल. नव्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल.च काढून टाकलं. मग या विषयापुरतं ते २०२५-२६पर्यंत चालेल असं यूजीसीने कळवलं. आता त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येऊ घातलेत, आणि बावीस वर्षांच्या मुलीने यातलं काय धरून पाच वर्षांचा बेत करायचा, हे तिचं तिने ठरवायचं.

मामांनी डोळे मिटले. "म्हणजे गाडी रद्द झाली. मग रद्द नाही, उशिरा धावतेय. आणि आता ती दुसऱ्या फलाटावर येणार, पण इंडिकेटर अजून लागलेला नाही."

"तसंच."

"मग पुलावर उभं राहायचं. मधोमध. दोन्ही जिने जवळ पडतात."

एम. फिल.च्या पेचावर मी यापेक्षा बरा सल्ला अजून ऐकलेला नाही. म्हणजे दोन्हींकडे वळता येईल असं क्लिनिकलच्या अंगाचं एम. ए. घे. मामांना तसंच म्हणायचं होतं का, याची खात्री नाही. ते कदाचित खरोखरच पुलाबद्दल बोलत असावेत.

रविवार जम्बो ब्लॉकमुळे टाळून एका सोमवारी पाहणीदौरा निघाला. मामा, भाची आणि मी. वसईहून भाचीने थेट चर्चगेटची गाडी न पकडता आधी उलट विरारला यावं, म्हणजे सीट मिळेल, असा हुकूम होता. तिने तो पाळला. गाडी सुटताना मामांनी जीवदानीच्या डोंगराकडे बघून हात जोडले आणि खाडीच्या पुलावर एक रुपया टाकला. रुपया भाचीच्या प्रवेशासाठी की स्वतःच्या पुनरागमनासाठी, ते कळलं नाही. पण भाईंदर गेल्यावर हा माणूस दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. कधी नव्हे तो कुणाला तरी "सरका" म्हणाला, आणि त्या शब्दात जो आनंद होता तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

एका विद्यापीठात (कुठल्या ते सांगत नाही, पुढचा माणूस नोकरीत आहे) भाची आपली प्रश्नांची यादी घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीतल्या गृहस्थांनी वर न बघता सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. फलकावर मागल्या वर्षाची तारीख. मामा पुढे झाले. त्यांनी प्रवेशाचं काहीच विचारलं नाही. गृहस्थांच्या टेबलावरच्या पासकडे बघून ते म्हणाले, "नालासोपारा का? संध्याकाळची कुठली?"

गृहस्थांनी मान वर केली.

पुढची वीस मिनिटं बारा डब्यांची गाडी, पंधरा डब्यांची गाडी, दादरला चढणारे उर्मट लोक आणि दसऱ्याला डब्यात होणारी पूजा यांवर बोलणं झालं. गृहस्थांच्या ग्रुपमधला एक जण मामांच्या ओळखीचा निघाला. तो वारल्याचं ऐकून मामा क्षणभर थांबले. मग गृहस्थांनी आतून खुर्च्या मागवल्या. प्रवेश परीक्षा साधारण कधी होते, गेल्या वर्षी कट-ऑफ कुठवर आला, कुठल्या स्पेशलायझेशनला जागा भरत नाहीत, प्रॅक्टिकमला मुली कुठल्या इस्पितळात जातात, आणि तिथे कुणाच्या हाताखाली शिकायला मिळालं तर सोडू नये, सगळं सांगितलं. भाचीने ई-मेल पाठवून, फोन लावून जे महिनाभर मिळवायचा प्रयत्न केला होता ते. ती वहीत भराभर लिहीत होती. मामांनी पिशवीतून वसईची सुकेळी काढून टेबलावर ठेवली.

आता वाचकांच्या मनात येईल, की बघा, हा खरा मानसशास्त्रज्ञ. न शिकताच माणसाचं मन ओळखतो. छे. मामांना माणसाच्या मनातलं काहीही कळत नाही. त्यांना तो कुठे उतरणार एवढंच कळतं. परतताना समोर एक तरुण डोळे पुसत बसला होता, मामा त्याला म्हणाले, "विंडोला बस, धूळ गेलीय डोळ्यात." भाचीने एकदा शिकलेलं वापरून पाहावं म्हणून त्यांना विचारलं होतं, "मामा, निवृत्त झालात त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?" मामा म्हणाले, "वाटायचं काय त्यात? पाच मिनिटं लेट होती." आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा विषय निघाला तेव्हा मामांनी असा सिद्धांत मांडला, की वसई-विरारहून ठाण्याला सरळ गाडीच नसल्यामुळे आपल्याकडची बरीच मंडळी मोकळी फिरतात. "मामा, असं बोलू नये हो," भाची चिडली. "ते इस्पितळ आहे, १९०१ सालापासून लोक तिथे बरे होऊन घरी जातात." मामा वरमले. थोड्या वेळाने म्हणाले, "घरी जायला तरी गाडी पाहिजे ना. म्हणून तर आपण जिल्हा वेगळा मागितला." २०१४ साली पालघर जिल्हा झाला त्यामागे इतरही कारणं होती, पण ती त्यांच्या रकान्यात बसत नाहीत.

जूनमध्ये भाचीचा निर्णय झाला. कालिना. क्लिनिकलसाठी, आणि त्या खिडकीने दिलेल्या एका नावासाठी. तिने तो सांगितला तेव्हा मामा सोफ्याच्या कडेवर बसले होते. त्यांनी बराच वेळ विरोध केला, मग अंधेरीऐवजी बांद्र्याला उतरून उलट स्लो घ्यावी, म्हणजे पूल रिकामा मिळतो, असा शोध लावला, आणि मग कालिना ही आपलीच सूचना होती असं त्यांना वाटायला लागलं. वहीच्या मागच्या पानावर ते तिला डब्याचा नकाशा काढून देऊ लागले: कुठल्या दाराशी उभं राहायचं, कुणाच्या पाठीमागे, तिसऱ्या आणि चौथ्या सीटचा नियम काय.

भाचीने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, हा जेंट्सचा डबा झाला."

मामांची पेन्सिल थांबली.

"अकरावीपासून मी लेडीजने जाते. तुम्ही कधी चढलायत लेडीज डब्यात?"

या माणसाला निरुत्तर झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. उभ्या हयातीत त्याच गाडीला, दोन डबे सोडून, आपल्याला ठाऊक नसलेलं एक राज्य लागत होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाची सांगत गेली. तिथे चढल्या चढल्या प्रत्येकीला विचारायचं, कुठे उतरणार. बसलेली सांगते, बांद्रा. मग ती सीट आपली. पण तिच्यावर आधीच दादरच्या बाईचा नंबर लागलेला असतो, म्हणून तिलाही विचारायचं. भाजी निवडणारी असेल तर तिच्याजवळ उभं राहायचं नाही. बोरिवलीपर्यंत भांडलेल्या दोघी वसईला उतरताना एकमेकींच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करतात. एकीने तर मिरा रोड ते नायगावमध्ये तिला आपल्या घटस्फोटाची सगळी हकीगत सांगितली होती, नाव न सांगता.

"नाव न सांगता?" मामांना तेवढंच खटकलं. मग पेन्सिल पुन्हा उचलून, कुणी ऐकत नाही ना असं बघून त्यांनी विचारलं, "आणि चौथी सीट? देतात तिकडे?"

"देतात. पण विचारावं लागतं."

"विचारायचं?" मामा म्हणाले. "आमच्यात नुसतं गुडघ्याकडे बघतात."